पुटपुटणारी मावशी आणि हातचा एक

कुणाच्या तव्यावर भाकरी असेल, कुणी शेळीला पाला टाकत असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आज आम्ही एक इतिहास सांगणार आहोत. यात राजा नाही, किल्ला नाही, लढाई नाही. आपण मनातल्या मनात स्वतःशीच बोलतो, त्या बोलण्याचा हा इतिहास आहे. असल्या गोष्टीला इतिहास असतो हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. बी.ए.ला मानसशास्त्राच्या पेपरसाठी यातली एकदोन नावं पाठ केली होती आणि पेपर दिल्यावर विसरूनही गेलो होतो. ती पुन्हा आठवायला लावली आमच्या एका गटातल्या मावशींनी.

मावशी गटाच्या खजिनदार होत्या. शाळा दुसरीपर्यंत. वही सचिव लिहायची, पण पैसे मोजून पेटीत ठेवायचं आणि बेरीज पडताळायचं काम मावशींचं. बेरीज करताना त्यांचे ओठ हलायचे. जवळ बसलं की ऐकू यायचं, "सात आन आठ पंधरा, पाच मांडले, हातचा एक…" बायका हसायच्या. "मावशी, कुणाशी बोलताय? बाधा झाली काय?" मावशीही हसायच्या आणि बेरीज बरोबर यायची.

मग एकदा हिशोबाचं प्रशिक्षण लागलं. शिकवायला बाहेरून एक साहेब आले होते. मावशी पुटपुटायला लागल्या तसे ते म्हणाले, "तोंड बंद ठेवा. शहाणी माणसं मनात करतात." मावशींनी पदर तोंडाला लावला. बेरीज चुकली. पुन्हा केली, पुन्हा चुकली. साहेबांनी कागदावर काय लिहिलं ते आम्ही पाहिलं नाही, पण पुढच्या महिन्यात खजिनदारपण दुसऱ्या बाईकडे गेलं. आम्ही त्या खोलीतच होतो. आम्ही गप्प बसलो. आज हा विषय घेतला त्याचं एक कारण तेही आहे.

आता इतिहासाकडे येऊ.

सुमारे २,४०० वर्षांपूर्वी ग्रीस देशात प्लेटो नावाचा तत्त्ववेत्ता होऊन गेला. विचार करणं म्हणजे जिवानं आवाज न करता स्वतःशी केलेला संवाद, असं त्यानं मांडून ठेवलं. स्वतःला विचारायचं, स्वतःच उत्तर द्यायचं, पटलं तर हो म्हणायचं. आपल्याकडेही हे नवं नाही. जपाचे तीन प्रकार आपण ऐकून असतो. पहिला मोठ्यानं म्हणायचा तो वाचिक. दुसरा ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू जात नाही तो उपांशू. तिसरा ओठही न हलवता करायचा तो मानस. म्हणजे बोलणं बाहेरून आत कसं जातं, त्याच्या पायऱ्या आपल्या जुन्या माणसांनी मोजून ठेवल्या होत्या. आणि मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलायचं, हे तर रामदासांच्या मनाच्या श्लोकांमुळे घराघरात पोचलेलं आहे.

पण हे बोलणं काय काम करतं, त्याची तपासणी करायला विसावं शतक उजाडावं लागलं. सुरुवात जरा गमतीची आहे. अमेरिकेत जॉन वॉटसन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. १९१३ साली त्यांनी असं मांडलं की मन वगैरे आतलं काही धरू नका, विचार म्हणजे घशाची आणि जिभेची बारीक हालचाल, बस. पुढे १९३० च्या सुमारास शिकागोच्या एडमंड जेकबसन यांनी माणसांच्या जिभेला आणि ओठांना विजेची बारीक उपकरणं जोडून पाहिली. मनात आकडे मोजायला सांगितलं की तिथल्या स्नायूंमध्ये खरंच हलकीशी चळवळ दिसायची. वॉटसनना वाटलं असेल, जिंकलो!

मग १९४७ साली स्कॉट स्मिथ नावाच्या भूल देणाऱ्या डॉक्टरनं स्वतःवरच एक धाडसी प्रयोग करून घेतला. दक्षिण अमेरिकेतले शिकारी बाणाला क्युरारे नावाचं विष लावतात. त्या विषातलं औषध त्यांनी टोचून घेतलं. अंगातला एकूण एक स्नायू लुळा पडला. पापणी हलेना, जीभ हलेना, श्वाससुद्धा बाहेरून द्यावा लागला. तरी शुद्धीवर आल्यासारखं नंतर काही नव्हतंच, कारण शुद्ध गेलीच नव्हती. त्या वेळात खोलीत कोण काय बोललं, काय विचारलं, ते सगळं त्यांनी नंतर सांगितलं. जीभ पूर्ण मेल्यासारखी पडली तरी आतलं चालूच होतं. म्हणजे आतलं बोलणं हे नुसतं जिभेचं वळवळणं नाही.

मग ते आहे काय? याचं आम्हाला सगळ्यात पटलेलं उत्तर दोन माणसांच्या वादातून आलं. दोघंही १८९६ साली जन्मलेले, पण एक स्वित्झर्लंडचा आणि दुसरा रशियन साम्राज्यातल्या, आज बेलारूसमध्ये असलेल्या ओर्शा गावचा.

स्वित्झर्लंडचे ज्याँ पियाजे. जिनिव्हाच्या एका बालशाळेत बसून त्यांनी लहान मुलांचं बोलणं शब्दन् शब्द टिपलं आणि १९२३ साली त्यावर पुस्तक काढलं. त्यांना दिसलं की पाचसहा वर्षांची मुलं खेळताना, चित्र काढताना सारखी बोलत असतात, पण कुणाला उद्देशून नाही. कुणी ऐकतंय का याची त्यांना फिकीर नसते. पियाजे म्हणाले, पोरांना अजून दुसऱ्याचा विचार करता येत नाही म्हणून हे असं आपल्यापुरतं बोलणं होतं. मोठी झाली, समज आली की ते गळून पडतं.

दुसरे लेव्ह विगोत्स्की. ज्यू घरातला मुलगा, गोमेल गावात वाढला, मॉस्कोला कायदा शिकला, परत गोमेलला येऊन मास्तरकी केली. तरुणपणीच क्षयाने धरलं. १९२४ साली पेट्रोग्राडच्या एका परिषदेत त्यांनी असं भाषण केलं की त्यांना मॉस्कोच्या मानसशास्त्राच्या संस्थेत बोलावून घेतलं. पुढची दहाच वर्षं त्यांना मिळाली.

विगोत्स्कींनी पियाजेंचं पुस्तक वाचलं आणि साध्या युक्त्या केल्या. मुलाला चित्र काढायला बसवायचं आणि नेमकी त्याला हवी ती रंगीत पेन्सिल काढून ठेवायची. अडचण आली की मुलाचं स्वतःशी बोलणं जवळजवळ दुप्पट व्हायचं. एक मूल पेन्सिल शोधायचं, सापडेना म्हणून स्वतःलाच समजावायचं की लाल पेन्सिल ओली करून चालवू, गडद होऊन निळ्यासारखी दिसेल. बघा, हे काय निरर्थक बोलणं झालं? ते पोर अडचणीतून वाट काढत होतं, आणि वाट काढायला त्यानं शब्द वापरले. आपलं पोर मातीत खेळताना बडबडतं तेव्हा आपण "गप रे जरा" म्हणतो. आम्हीही म्हणतो. खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी उलट बाजूनं पाहिलं. पोरांना अशा मुलांमध्ये बसवलं ज्यांना ऐकू येत नाही, किंवा ज्यांची भाषाच वेगळी आहे. बाहेर बँड वाजवून इतका आवाज केला की बोललेलं कुणालाच ऐकू जाऊ नये. पियाजेंचं म्हणणं खरं असतं तर फरक पडायला नको होता, कारण मूल कुणासाठी बोलतच नाही. पण बोलणं खूप कमी झालं. म्हणजे त्या बडबडीत समोरच्या माणसाची आस होतीच. मूल आधी दुसऱ्याशी बोलायला शिकतं, मग तेच बोलणं स्वतःवर वळवतं, आणि मग हळूहळू ओठ मिटून ते आत जातं. गळून पडत नाही, आत मुरतं. लोणच्यातल्या मिठासारखं म्हणा.

म्हणून विगोत्स्कींनी असं मांडलं की माणसाची प्रत्येक मोठी समज दोनदा येते. आधी दोन माणसांच्या मध्ये, मग एका माणसाच्या आत. आमच्या या कामात आम्हाला इतकं उपयोगी पडलेलं दुसरं वाक्य नाही, म्हणून तुम्हाला आमच्या शब्दांत सांगितलं.

आत गेल्यावर बोलणं आखूडही होतं. हे त्यांनी ट्रामच्या थांब्याचं उदाहरण देऊन समजावलं आहे. आपण एसटीचं घेऊ. थांब्यावर सगळे एकाच गाडीची वाट बघत असतात. लांबून धूळ दिसली की कुणी पूर्ण वाक्य बोलत नाही. "आली" एवढंच. सगळ्यांना कळतं. आपण स्वतःशी बोलतो तेव्हा तर ऐकणारी आपणच, मग सगळंच अर्ध्यावर कळतं. टॉलस्टॉयच्या 'ॲना कॅरेनिना' या कादंबरीत लेविन आणि किटी हे दोघं टेबलावर खडूनं फक्त शब्दांची पहिली अक्षरं लिहून एकमेकांना मनातलं सांगतात, तोही दाखला विगोत्स्कींनी दिला. म्हणून "हातचा एक" एवढं पुटपुटलं तरी मावशींना पुरतं. बाहेरच्या माणसाला ते अर्धवट वाटतं, आत ते पूर्ण असतं.

जून १९३४ मध्ये विगोत्स्की गेले. वय अवघं ३७. 'विचार आणि भाषा' या विषयावरचं त्यांचं मोठं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी आलं. दोनच वर्षांत, १९३६ साली, सोव्हिएत सरकारनं मुलांच्या अभ्यासाच्या त्या सगळ्या शाखेवरच बंदी घातली आणि पुस्तक दिसेनासं झालं. पुन्हा छापलं गेलं १९५६ साली. वीस वर्षं त्यांचं म्हणणं मित्रांनी आणि विद्यार्थ्यांनी जपून ठेवलं, म्हणून ते आज आपल्यापर्यंत आलं.

त्या मित्रांतले एक अलेक्झांडर लुरिया. त्यांची गोष्ट आम्हाला जास्त बोचते, कारण ती खेड्यातल्या बायकांची गोष्ट आहे.

१९३१ आणि १९३२ साली लुरिया आणि त्यांचे सहकारी मध्य आशियात उझबेकिस्तानच्या खेड्यांमध्ये गेले. विगोत्स्की आजारामुळे जाऊ शकले नाहीत. कापूस पिकवणारा मुलूख. तिथल्या बायका घराच्या आतल्या भागात, परक्या पुरुषाच्या नजरेआड राहायच्या. त्या भागात पुरुषाला मज्जाव, म्हणून त्यांना प्रश्न विचारायला संशोधक बायकाच गेल्या. प्रश्न कसे? एक असा होता. लांब उत्तरेत, जिथं बर्फ असतो, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. अमुक बेट लांब उत्तरेत आहे. तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? शाळा न पाहिलेले बरेच लोक म्हणाले, आम्ही तिकडे गेलो नाही, न बघता कसं सांगणार? दुसरा प्रश्न कापसाचा. कापूस उष्ण आणि कोरड्या जागी येतो, इंग्लंड थंड आणि ओलं आहे, तर तिथं कापूस येईल का? उत्तर तेच. आम्ही तो देश पाहिलेला नाही. तिसरं, चार चित्रं दाखवायची. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका. यातलं वेगळं काय? शिकलेला माणूस म्हणणार ओंडका, कारण बाकीची अवजारं आहेत. ते लोक म्हणाले, ओंडका काढून कसं चालेल? मग करवत चालवायची कशावर?

लुरियांनी निष्कर्ष काढला की या लोकांचा विचार डोळ्यांसमोरच्या अनुभवाला बांधलेला आहे, न दिसणाऱ्या गोष्टींवर तो उडी घेत नाही. पण त्याच मुलखातल्या ज्या बायकांनी बालवाडी शिक्षिकेचं थोड्या दिवसांचं शिक्षण घेतलं होतं, किंवा जे लोक सामूहिक शेतीच्या कामात पुढे होते, त्यांनी तेच प्रश्न सहज सोडवले. (ती सामूहिक शेती जोरजबरदस्तीनं लादलेली होती, तिचं गुणगान आम्हाला करायचं नाही.) मॉस्कोत यावर गदारोळ झाला. मध्य आशियातल्या लोकांना कमी लेखता म्हणून टीका झाली, आणि हे सगळं पुस्तक म्हणून छापून यायला १९७४ साल उजाडलं.

आम्हाला विचाराल तर त्या उझबेक माणसांचं उत्तर चुकलेलं नाही. परका माणूस गावात आला, कधी न पाहिलेल्या बेटावरच्या अस्वलाचा रंग विचारतो, आणि तुम्ही म्हणता, मी पाहिलं नाही तर खोटं कशाला सांगू. यात अडाणीपणा कुठं आला? आपल्या गावात सर्वेक्षणवाले येतात तेव्हा आपण अशीच उत्तरं देतो की. पण एक गोष्ट खरी आहे, आणि ती आपण नाकारू नये. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल "असं धरलं तर तसं होईल" हे बोलणं म्हणजे एक सवय आहे. ती आपोआप येत नाही. कुणीतरी आपल्याशी तसं बोलावं लागतं. थोड्या दिवसांच्या शिक्षणानं त्या बायकांचा मेंदू बदलला नव्हता. त्यांच्याभोवतीचं बोलणं बदललं होतं.

हे आमचंच म्हणणं नाही. मायकेल कोल नावाचे अमेरिकन संशोधक १९६२ साली लुरियांकडे मॉस्कोला शिकायला गेले होते. पुढे ते आणि सिल्व्हिया स्क्रिब्नर आफ्रिकेतल्या लायबेरिया देशात गेले. तिथं वाय नावाचा समाज आहे. त्यांची स्वतःची लिपी आहे आणि ती शाळेत नाही, घरच्या किंवा ओळखीच्या माणसाकडून शिकतात. पत्रं लिहायला, हिशोब ठेवायला वापरतात. या दोघांनी तपासलं की नुसतं लिहायला-वाचायला आलं की अमूर्त विचार येतो का. १९८१ साली त्यांचं पुस्तक आलं. उत्तर निघालं, नाही. लिपीनं त्या त्या कामापुरती कौशल्यं दिली, पण असले प्रश्न सोडवायला आणि "का" ते उलगडून सांगायला जास्त मदत झाली ती शाळेतल्या प्रश्नोत्तरांची. अंगठा गेला आणि सही आली म्हणून सगळं आलं असं नाही, आणि सही येत नाही म्हणून डोकं नाही असंही नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे अमूर्त अमूर्त काय लावलंय? साधं आहे. भाकरी म्हटलं की डोळ्यांसमोर भाकरी येते, वासही येतो. म्हैस म्हटलं की म्हैस येते. पण "व्याज" म्हटल्यावर काय दिसतं? "हक्क" कसा दिसतो? "शिल्लक", "जबाबदारी", "वारसा" यांना ना रंग ना वास. त्यांना धरायला शब्दाखेरीज दुसरी मूठ नाही. रोम विद्यापीठातल्या ॲना बोर्गी आणि त्यांचे सहकारी गेली बरीच वर्षं यावर काम करताहेत. त्यांचं म्हणणं असं की असे शब्द आपण हाताळून शिकत नाही, दुसऱ्यांच्या बोलण्यातून शिकतो. म्हणून असा शब्द समोर आला की आपण आतल्या आत स्वतःला तो पुन्हा समजावतो, किंवा कुणाला तरी विचारावंसं वाटतं. तोंडाचा आणि बोलण्याचा या शब्दांशी जास्त संबंध येतो.

पटत नसेल तर आत्ता करून बघा. ४७ आणि ३८ यांची बेरीज मनात करा. झाली? आता तोंडानं न थांबता "विठ्ठल विठ्ठल विठ्ठल" म्हणत राहा आणि ५६ आणि २९ यांची बेरीज करा. अडखळलात ना? जीभ विठ्ठलाकडे गुंतली, त्यामुळे हातचा धरायला आत कुणी उरलं नाही. ब्रिटनमध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली मनातल्या कामचलाऊ आठवणीबद्दल जे मांडलं, त्यामागे अशाच परीक्षा होत्या. एखादा शब्द सारखा बोलत ठेवला की आकडे, शब्द मनात घोळवत ठेवणं अवघड जातं. आमच्या मावशींचं तोंड बंद केलं तेव्हा नेमकं हेच झालं असणार. घोळवायची जागाच बुजवली.

सगळ्यांचं असंच चालतं असं मात्र नाही. अमेरिकेतले रसेल हर्लबर्ट १९७० च्या दशकापासून लोकांना एक छोटं यंत्र देतात. ते अवचित वाजतं, आणि वाजलं त्या क्षणी मनात काय होतं ते लिहून ठेवायचं. कुणाच्या मनात शब्द असतात, कुणाच्या चित्रं, कुणाच्या नुसती भावना, आणि काहींना आतलं बोलणं जवळजवळ नसतंच. तरी त्यांचा संसार चालतो. तेव्हा शेजारीण पुटपुटत नाही म्हणून तिला नावं ठेवू नका. आणि रात्री झोप लागत नाही, तेच ते विचार फिरत राहतात, किंवा आपला नाही असा परका आवाज ऐकू येऊन त्रास होतो, तर तो वेगळा विषय आहे. त्यासाठी देवर्षीकडे नाही, डॉक्टरकडे जायचं.

या सगळ्यात आम्हाला जातं आठवत राहतं. पहाटे एकटीनं दळताना बाई ओवी म्हणायची. ऐकायला कोण? जातं, किंवा झोपलेलं पोर. ते बाहेरचंही बोलणं होतं आणि आतलंही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आई, लेक, सासर, माहेर, भाऊ, देव, जात, अन्याय, सगळं त्यात आहे. नातं म्हणजे काय, अपमान म्हणजे काय, हेही न दिसणारेच शब्द आहेत, आणि आपल्या आज्या ते जात्याच्या घरघरीत स्वतःला समजावत होत्या. आता गिरणी आली. गिरणीवर डबा ठेवून घरी येतो आपण. बरंच झालं, खांदे वाचले. पण ती वेळ कुठं गेली, असं कधी कधी वाटतं.

आता मावशींकडे परत येऊ.

खजिनदारपण गेल्यावर त्या बैठकीला यायच्या, पण मागं भिंतीला टेकून बसायच्या. त्या सुमारास गावात कर्ज देणाऱ्या एका कंपनीचा माणूस फिरत होता. दहा हजार घ्या, दहा महिने महिन्याला १,२०० भरा, शेकडा दोननं व्याज, कागद कमी, पैसे उद्या. आमच्या गटाचं व्याजही शेकडा दोनच. बायका म्हणाल्या, दर एकच आहे तर गटात महिनाभर थांबायचं कशाला? दोघींनी तर कागदं काढलीही होती. आम्ही फळ्यावर "घटत्या शिल्लकेवर व्याज" असं लिहिलं. तीनदा वाचून दाखवलं. प्रशिक्षणाच्या पुस्तकातला तो शब्द आम्हालाच इतका पाठ होता की तो कळत नाही हेच आम्हाला कळत नव्हतं. बायका माना हलवत होत्या, नुसत्या.

मागं मावशींचे ओठ हलत होते. एकीनं कोपरखळी मारली. आम्ही म्हणालो, "मावशी, मोठ्यानं बोला की. आम्हालाही ऐकू द्या." त्या आधी लाजल्या. मग म्हणाल्या, "पैल्या महिन्याला धा हजारावर दोनशे. बरं. हजार फिटले. राहिले नऊ. मग नऊ हजाराचं एकशेऐंशीच की गं. ह्यो फुडच्या महिन्यालाबी दोनशे मागतोय, ते कशाचं?"

खोली गप्प झाली. मग एकीनं विचारलं, "आणि तिसऱ्या महिन्याला?" "आठ हजाराचं. एकशेसाठ." सगळ्याजणी बोलायला लागल्या. कुणी बोटं मोजली, कुणी हरभऱ्याचे दाणे मांडले. दोनशे, एकशेऐंशी, एकशेसाठ, करत करत शेवटच्या महिन्याला वीस. गटाचं व्याज झालं १,१०० रुपये. कंपनीचं दहा वेळा दोनशे, म्हणजे २,०००. दर तोंडानं एकच सांगितलेला, आणि फरक ९०० रुपयांचा. फेडून टाकलेल्या पैशाचंही व्याज. कागदं काढलेल्या दोघींपैकी एकीनं दुसऱ्या दिवशी नकार कळवला. दुसरीनं कर्ज घेतलंच, तिला दवाखान्यासाठी पैसे त्याच आठवड्यात हवे होते. पण ती म्हणाली, आता मला माहीत आहे की मी काय घेतेय.

गंमत अशी की आमच्या गटाच्या वहीत पहिल्यापासून घटतंच व्याज लावलेलं होतं. रकाने छापील होते, सचिव भरत होती, आम्ही तपासून सही करत होतो. पण "शिल्लक घटली की व्याज घटतं" हे कुणाच्या डोक्यात उतरलेलं नव्हतं. ते उतरलं त्या दुपारी, आणि सगळ्यांच्या डोक्यात एकदम नाही. महिन्याभरानं सुद्धा एक सून घरी जाताना वाटेत स्वतःशी म्हणत होती, "राहिले नऊ, मग नऊचंच." मावशींच्या तोंडचं वाक्य तिच्या ओठावर आलं होतं. आणखी थोड्या दिवसांनी ओठही मिटतील.

तेव्हापासून बैठकीत आम्ही एक केलं आहे. नवा शब्द आला, मग तो विमा असो की जामीनदार की सहहिस्सेदार, की आधी दोघीदोघींनी तो एकमेकींना आपल्या भाषेत समजावायचा. मग दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं, ज्याची त्याची पुटपुट करू द्यायची. हसायचं नाही. पहिल्या वेळेला सगळ्याच हसल्या, आम्हीसुद्धा. आणि प्रशिक्षणाला कुणी आलं की आधीच सांगतो, आमच्या बायका मोजताना बोलतात, त्यांना बोलू द्या.

खजिनदार अजून दुसऱ्याच आहेत आणि त्या काम चांगलं करतात. येत्या चैत्रात गटाचे पदाधिकारी बदलायचे आहेत. आम्ही मावशींना विचारलं, पुन्हा नाव द्यायचं का. त्या दिवशी त्यांना जे झालं त्याबद्दल आम्ही गप्प बसलो, हेही तेव्हाच बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. "बघू," म्हणाल्या, आणि डबा उचलून गिरणीकडे चालू लागल्या. ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते आम्ही विचारलं नाही.